चाकोरीवरच्या काट्या

१४ ऑक्टोबर २०२४

ही डायरी माझ्या नवऱ्याने, रूपरावांनी, सावंगीच्या दवाखान्यातून आणली होती, कुठल्याशा औषध कंपनीची. नोकरी तिथल्या स्टोअरला असल्यामुळे असलं काहीबाही घरी येतं. इतके महिने ती फळीवर धूळ खात पडली होती. आजपासून लिहिणार आहे, कारण या गावात तोंडाने काही सांगण्यासारखा माणूस उरलेला नाही. सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत तानबाच्या ओट्यावर पोहोचतं.

आज हळदीला पाणी सोडायला निघाले तर वाटेवर नाली. आडवी, कंबरेएवढी खोल, जेसीबीने खोदलेली. आमचं वावर तानबाच्या वावराच्या मागे आहे. गावच्या पांदणीवरून त्याच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून बैलबंडीची वाट येते, बोरीच्या झाडापाशी वळते आणि आमच्या वावरात शिरते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बंडी याच वाटेने जाते. दुसरीकडून नाला आहे. तिकडून माणूस कसाबसा फेरा घालून येईल, बंडी येणार नाही.

हे त्याने मोजणीचा राग म्हणून केलं. पोळ्याला तोरणाखाली अख्ख्या गावासमोर मी त्याला विचारलं होतं, माझा धुरा किती खाल्ला ते सांग. विचारायलाच हवं होतं. मग सरकारी मोजणी लावली. मोजणीत धुरा जागच्या जागी निघाला. पण मोजणीवाला त्याच्याकडे पाणी प्याला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दसऱ्याला तानबा सोनं द्यायला आला नाही. त्याची बायको सीताबाई आली, तीही एकटी आणि घाईत. जाताना म्हणाली, "वावरात काही सामान असन तं लवकर आणून घेजो, कोकिळा." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. नवऱ्याने पाठवलं असणार, माझं काय काय वावरात आहे ते बघायला.

फाल्गुनापर्यंत हळद निघेल. खणलेली हळद, शिजवायची कढई, लाकडं, सगळं बंडीवरच येतं जातं. वाट नसली तर हळद जमिनीतच राहील आणि पुढच्या साली वावर ठेक्याने द्यावं लागेल. ठेक्याने घेणार कोण? ज्याचं वावर लागून आहे तोच. मी काही दूधखुळी नाही.

१६ ऑक्टोबर

रूपरावांचा फोन. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मी बोलून पाहू का तानबाशी?"

"तुमी बोलूच नका."

"मंग राहू दे ना वावर. ठेक्यानं देऊन टाकू. तू बोरगावले ये माह्यापाशी. खोली हाय, नळ हाय. कायले एवढा ताप करून घेतं?"

बोरगाव मेघेच्या त्या खोलीत मी काय करू? खिडकीतून दुसऱ्याच्या खिडकीत बघत बसू? शिवाय ठेक्याची गोष्ट यांच्या तोंडी इतक्या लवकर कशी आली, हे मला समजलं नाही. नाली खोदून दोन दिवस नाही झाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ याच विचारात होते.

२२ ऑक्टोबर

आमच्याकडे कापूस वेचणीला येणाऱ्या बायांची मुकादम सुमित्राबाई म्हणाली, "समुद्रपूरच्या कोर्टात बायांले वकील फुकट भेटते. माह्या भाचीले भेटली होती." सुमित्राबाईला माझी एवढी काळजी का, हे कळलं नाही, पण गेले.

विधी सेवा समितीत सुरभी नावाची पोरगी बसली होती. माझ्या मुलीच्या वयाची, मला मुलगी असती तर. मी आधीच विचारलं, फुकट म्हणजे किती. ती हसली. "काकू, बाईला वकील मोफत मिळतो. उत्पन्नाचीही अट नाही. तुम्ही बाई आहात, एवढं पुरे."

फुकटचा वकील पहिल्यांदाच पाहिला. पण बोलली मुद्द्याचं. जुनी वाट कोणी अडवली तर दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. तहसीलदाराकडे अर्ज करायचा, मामलेदार न्यायालयाच्या कायद्याखाली, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ते मोक्यावर, म्हणजे जागेवर येतात, पंचनामा करतात, साक्षी घेतात आणि वाट मोकळी करायचा हुकूम देऊ शकतात.

"पण गावनकाशात ही वाट नाही," ती म्हणाली. "ही वहिवाटीची वाट आहे. म्हणजे लोकांनीच सांगावं लागेल की ती आहे. कोण कोण जातं इथून?"

"कोणीच नाही. माझीच वाट आहे ती."

तिने पेन खाली ठेवलं. "काकू, असं साहेबांसमोर म्हणू नका." मग म्हणाली, पायी का होईना, रोज त्याच वाटेने जात राहा, बायांनाही जाऊ द्या, आणि आजच फोटो काढून ठेवा.

रोज जात राहा! म्हणजे तानबाने मला त्याच्या वावरात घुसली म्हणून धरावं? हिला कोणी काही सांगून ठेवलंय का, याचा तपास करायला हवा. आणि फोटो तर आजकाल कोणीही कशाचाही करतो. गणपतीत सुमित्राबाईच्या नातवाने मला काश्मीरमध्ये उभं केलं होतं.

२५ ऑक्टोबर

अर्ज दिला. पोच घेतली, तिच्यावरचा शिक्का उजेडात धरून पाहिला. बाबू म्हणाला, निवडणूक आहे, साहेब मोकळे झाले की तारीख लागेल. निवडणूक नेमकी आत्ताच कशी आली?

४ नोव्हेंबर

कापसाचा पहिला वेचा. पहिल्या वेच्याला आमच्याकडे सीतादही करतात. पाच गोटे मांडायचे, कुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, बोंडं दह्यासारखी पांढरी फुटू दे म्हणायचं. आमच्या आणि तानबाच्या घरच्या बाया हे बोरीच्या वळणावर मिळून करतात. गोटे सीताबाईच्या सासूने मांडलेले आहेत.

यंदा मी एकटीच गेले, नाल्याकडून. जाऊन पाहते तर गोट्यांना कुंकू लागलेलं. समोर दहीभाताचा पळसाचा द्रोण, आणि आणखी एक द्रोण बोरीच्या सावलीत, वर पान झाकलेलं. म्हणजे सीताबाईने मला न बोलावता आपलं उरकून घेतलं. दुसरा द्रोण नवऱ्यासाठी असणार. नेताना विसरली असेल.

मी त्याला हात लावला नाही. एवढं मात्र डोक्यात आलं की पूजेच्या नावाने जागेवर ताबा दाखवायची ही युक्ती आहे. उद्या म्हणतील, गोटे आमचे, बोर आमची, वळणही आमचं. मी माझे पाच गोटे माझ्या वावराच्या आत वेगळे मांडले. एकटीनेच ओवाळलं. दरवर्षी त्यानंतर आम्ही दोघी माझ्या झोपडीपाशी चहा करतो. यंदा मी चहा केला नाही.

९ नोव्हेंबर

नालीवर फळी! जुन्या दाराची, जाड, नीट टेकवलेली. दोन्ही बाजूला माती दाबलेली. कोणी भोळं असतं तर आनंदाने चढलं असतं. मध्ये मोडली असती म्हणजे मी नालीत आणि तानबा ओट्यावर. फळी उचलली आणि झोपडीत नेऊन ठेवली, पुरावा म्हणून. तिच्यावर कडीचं भोक आहे. दार कोणाचं ते शोधता येईल.

संध्याकाळी सीताबाई नालीच्या काठाशी उभी दिसली. साडीला माती लागलेली. मला पाहून हात वर केला. मी खाली बघितलं.

११ नोव्हेंबर

दुसरी फळी. ही जरा बारीक. तीही जप्त केली.

१३ नोव्हेंबर

आज मोठं काम केलं. नालीपासून बोरीपर्यंत आमच्या बंडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या अजून ठळक आहेत. वाट होती याचा याहून मोठा पुरावा कोणता? तानबाने एका दुपारी ट्रॅक्टर फिरवला की पुरावा गेला. म्हणून मी बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि दोन्ही टोकांना आणि मधून चाकोऱ्यांवर पसरून दिल्या. आता कोणी पाय ठेवणार नाही. साहेब येतील तेव्हा काट्या उचलून दाखवीन, हे घ्या.

हात सोलवटले, पण समाधान वाटलं. या प्रकरणात डोकं चालवणारी मी एकटीच आहे.

१८ नोव्हेंबर

काल सुमित्राबाई तणतणत आली. "कोकिळाबाई, काट्या काऊन लावल्या? आमी बाया पहिले फळीवरून, मंग नाली ओलांडून येऊन राह्यलो होतो. आता नाल्याकडून फेरा पडते. डोक्यावर गाठोडं घेऊन उतरता येत नाई."

"फळीवरून? कोणी सांगितलं फळीवरून या म्हणून?"

"कोणी कायले सांगन? फळी होती, आलो."

म्हणजे बायाही सामील. माझ्या पाठीमागे फळीवरून येणंजाणं चाललं होतं, आणि मला पत्ता नाही. मी म्हणाले, ज्यांना फेरा पडतो त्यांनी दुसरीकडे वेचावं. सुमित्राबाईने पदर खोचला आणि चालती झाली. आज निम्म्याच बाया आल्या.

२ डिसेंबर

तारीख विचारायला ऑटोने समुद्रपूरला निघाले होते. जाम चौकात ऑटो थांबला, तर चहाच्या टपरीवर रूपराव. आणि समोर तानबा! एका बाकावर दोघं. तानबा मान खाली घालून काहीतरी सांगत होता आणि माझा नवरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून ऐकत होता.

मी पदर तोंडावर घेतला आणि बसून राहिले. सावंगीचा माणूस सोमवारी ड्यूटी सोडून जामला येतो, बायकोला सांगत नाही, आणि बायकोच्या वैऱ्यासोबत चहा पितो. ठेक्याची बोलणी पक्की झाली असणार. रडायला आलं, पण ऑटोत चार जण होते. तारीख काही विचारली नाही, परत आले.

८ डिसेंबर

रविवार. रूपराव आले. मी भाकरी वाढली, बोलले नाही. जेवण झाल्यावर स्वतःच म्हणाले, "तानबाले भेटलो होतो मी."

"माहीत हाय."

"तो म्हणते, पोळ्याच्या दिवशी गावासमोर मले चोर म्हटलं. मोजणीत काहीच नाई निघालं, तरी बी कोणी एक शब्द नाई बोललं. कोकिळाबाईनं तेवढं म्हणावं का मोजणी बरोबर होती. उद्याच नाली बुजवतो म्हणते."

"तुमी त्याचे वकील कधी झाले?"

"मी कोणाचा वकील नाई. तू एकटी या वावरात मरून राह्यली, ते पाहवत नाई मले."

यातलं शेवटचं वाक्य ते इतक्या हळू बोलले की खरं वाटलं असतं. पण माझी वाट माझ्या हक्काची आहे. हक्काच्या गोष्टीसाठी मी त्याच्या ओट्याखाली जाऊन काय म्हणून उभी राहू? ते संध्याकाळच्या गाडीने गेले. डब्यात शेवया दिल्या नाहीत. आता वाटतं द्यायला हव्या होत्या.

२८ डिसेंबर

दोन दिवस पाऊस. अवेळी. वेचायचा राहिलेला कापूस भिजला.

तानबाला नोटीस गेली. मी समुद्रपूरला गेले होते. सुरभी तानबाच्या वकिलासोबत उभी राहून हसत होती. मी सरळ विचारलं. म्हणाली, "काकू, आम्ही रोज एकाच कोर्टात काम करतो. भांडण तुमचं आहे, आमचं नाही." मग म्हणाली, "साक्षीला कोण येणार? दोन नावं तरी द्या."

मी नावं आठवायला लागले. सुमित्राबाई रुसलेली. बाकी बायांना तीच आणते. तानबाच्या पलीकडचे शेतकरी त्याच्या ओट्यावर बसतात. नवरा त्याच्यासोबत चहा पितो.

"चाकोऱ्या आहेत ना," मी म्हणाले. तिने काही लिहिलं नाही.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. दुपारी झोपडीत बसले होते. सीताबाई नाली उतरून, चढून, काट्यांच्या पलीकडे येऊन उभी राहिली. हातात झाकलेली ताटली. इकडे बघत होती. पाहणी करायला आली असणार, काट्या किती आहेत, कुठून काढता येतील. मी आत सरकले. बऱ्याच वेळाने गेली.

जाऊन पाहिलं तर काटीला कागदाची पुडी बांधलेली. तिळाचे लाडू. मी खाल्ले नाहीत. मुंग्यांना टाकले. संध्याकाळपर्यंत मुंग्यांना काही झालं नव्हतं.

३० जानेवारी

आज मोका पाहणी झाली. जसं घडलं तसं लिहिते.

नायब तहसीलदार साहेब, तलाठी, दोन पंच, तानबा, त्याचा वकील, सुरभी, मी. रूपरावही आले होते, बाजूला उभे होते. अर्धं गाव पांदणीवर.

साहेबांनी नाली पाहिली. तानबाला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, नाली माह्या वावरात हाय. पाणी साचते म्हणून खोदली. इथं वाट कधी नोती. पाह्या तुमीच, कोणी जाते का इथून?"

साहेबांनी पुढे पाहिलं. पुढे काट्या. त्या काट्यांमधून गाजरगवत छातीएवढं उगवलेलं, वर पांढरी फुलं.

"या काट्या कोणी टाकल्या?"

"मी," मी म्हणाले. "चाकोऱ्या राखायला. खाली आहेत, दाखवते."

मी काट्या ओढल्या, गवत उपटलं. खाली सपाट माती. पावसाने भरून आलेली, वर वारुळं. एक हात पुढे उपटलं, दोन हात उपटलं. काही नाही. मी उपटत राहिले. सुरभी म्हणाली, "काकू, राहू द्या."

तानबाचा वकील म्हणाला, अर्जदारानेच रस्ता बंद केला आहे, तीन महिने इथून कोणी गेलेलं नाही, हे दिसतंच आहे. साहेबांनी पांदणीवरच्या लोकांना विचारलं, ही वाट कोणाच्या माहितीत आहे का. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुमित्राबाई म्हणाली, "आमी नाल्याकडून जातो." खोटं नव्हतं. मीच पाठवलं होतं तिकडून. रूपराव काहीतरी म्हणायला पुढे झाले, तर तानबाचा वकील म्हणाला, हे अर्जदाराचेच नवरे, यांची साक्ष कशी धरायची.

मला वाटलं, संपलं. हळद जमिनीत, मी बोरगावच्या खोलीत.

तेवढ्यात सीताबाई आली, हातात विळा. सरळ बोरीपाशी गेली आणि बुडातलं गवत कापायला लागली. तानबा ओरडला, "सीते, घरी जा."

"जातो ना. काम झालं का जातो."

गवत कापून तिने पाच गोटे मोकळे केले. कुंकू पुसट झालेलं होतं. साहेबांना म्हणाली, "हे आमचे सीतादहीचे गोटे हाय, साहेब. माह्या सासूनं मांडले. कोकिळाची सासू अन् माही सासू, दोघी बंडीतून उतरून इथं पूजा करत. मंग आमी दोघी करत आलो. बंडी इथं उभी राहे. बंडी वाटेवरच उभी करते ना माणूस, पिकात कोण उभी करन? गोटे वाटेच्या कडेले हाय, तोंड वाटेकडं हाय. पाह्या."

साहेबांनी वाकून पाहिलं. तलाठ्याने टेप लावला. साहेबांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी यायची बायको." तिने विळ्यानेच तानबाकडे दाखवलं. "मी नवरी होऊन आली तेव्हा रुखवताची बंडी इथूनच यायच्या वावरात उतरवली होती, घरी जागा नोती म्हणून. यायले बी माहीत हाय."

तानबाने मान वळवली. नाही असं म्हणाला नाही. त्यानंतर सुमित्राबाई पुढे आली आणि म्हणाली, काट्या लागायच्या आधी आम्ही सगळ्या इथूनच जायचो. मग आणखी दोघं बोलले. पंचनाम्यात सगळं लिहिलं गेलं. सीताबाईने सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

३१ जानेवारी

रात्रभर विचार केला. हिने असं का केलं? हिला काय हवं असेल? नवऱ्यासोबत भांडण असेल, त्याचा सूड असेल. किंवा पुढे माझ्याकडून काही मागायचं असेल. फुकट कोणी असं गावासमोर उभं राहत नाही.

काल घरी तिचं काय झालं असेल, हेही मनात आलं. पण जाऊन विचारायचं तर त्याच्या ओट्यावरून जावं लागतं.

१७ फेब्रुवारी

हुकूम झाला. सुरभीने वाचून दाखवला, मी पुन्हा स्वतः वाचला. वहिवाट सिद्ध होते. तानबाने सात दिवसांत नाली बुजवावी. आणि अर्जदाराने काट्या काढून वाट सर्वांसाठी मोकळी ठेवावी.

"माझ्या काट्यांचं काय म्हणून लिहिलं? अर्ज मी केला होता."

सुरभी म्हणाली, "काकू, वाट मोकळी म्हणजे दोन्हीकडून मोकळी." मग दार लावता लावता म्हणाली, "खरं सांगू, पहिल्या दिवशी वाटलं होतं, तुमची केस तुम्हीच हरवाल. पण वाट काही माणसाचा स्वभाव बघून मिळत नाही. तुमचा हक्क होता, मिळाला."

यात माझी तारीफ होती की निंदा, ते ठरवता आलं नाही.

२० फेब्रुवारी

तानबाने नाली बुजवली. स्वतः ट्रॅक्टर आणला. तलाठी उभा होता, मीही उभी होते. माती दाबून झाल्यावर तो खाली उतरला, घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोजणीत दोन बोटं बी माह्याकडं नाई निघाले, वहिनी."

"माहीत हाय," मी म्हणाले.

तो ट्रॅक्टर घेऊन गेला. एवढ्या सहज कशी बुजवली? वर अपील करायचं असेल. अपिलाचा निकाल लागेपर्यंत काट्या राहू द्याव्या, असं मी ठरवलं.

२३ फेब्रुवारी

हळद खणायला बाया आल्या. सुमित्राबाईने सगळ्या आणल्या, नाल्याकडून, पण तोंड फुगवून. रूपरावही सुटी काढून आलेत. बंडी पांदणीवर उभी. म्हणाले, "काट्या काढतो मी."

"थांबा," मी म्हणाले. "जरा विचार करू द्या."

दुपारी सीताबाई आली. बुजवलेल्या नालीवरून चालत काट्यांपाशी येऊन उभी राहिली. आज हातात ताटली नव्हती. मी झोपडीतून बाहेर आले. काट्यांच्या अलीकडे मी, पलीकडे ती. मी सरळ विचारलं, इतके दिवस पोटात होतं ते.

"सीताबाई, तुमाले पाह्यजे काय माह्यापासून?"

ती म्हणाली, "दुपारचा चहा पाह्यजे. दसऱ्यापासून नाई पेली मी तुह्याकडं."

मी काट्यांकडे बघितलं.

"यानं नाली खोदली तं मी फळी टाकली," ती म्हणाली. "तू नेली, तं दुसरी टाकली. माह्या आईच्या घरचं दार होतं ते, कोकिळा. सीतादहीले तुह्यासाठी द्रोण झाकून ठेवला, तो तसाच सुकला. नालीवर फळी टाकता येते वो. काट्यावर मी काय टाकू?"

मी खाली वाकले आणि काट्या ओढायला लागले. वाळलेल्या काट्या ओल्यापेक्षा जास्त टोचतात. ती पलीकडून ओढत होती. रूपराव आले, मग सुमित्राबाई आणि बाया आल्या. बोरीच्या वळणापर्यंत वाट मोकळी झाली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. मी सांगितलं, गाजरगवताने होतं असं.

बंडी आत आली. चार वाजता हळदीची पहिली खेप घेऊन बाहेर गेली. मऊ मातीत चाकं रुतली आणि दोन नव्या चाकोऱ्या उमटल्या.

मग चहा ठेवला. सीताबाई झोपडीत शिरली आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या दोन्ही फळ्या तिला दिसल्या. कडीच्या भोकावरून बोट फिरवलं. "ह्या इथं काऊन?"

"जप्त केल्या होत्या."

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग त्यातलीच जाड फळी आडवी टाकली आणि तिच्यावर बसली. मला बाजूला सरकून जागा दिली. घरी तानबा काय म्हणाला ते मी विचारलं. "दोन दिवस बोलला नाई. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ नाई म्हणून बोलला," ती म्हणाली.

चहात माझ्याकडून साखर जास्त पडली होती, मला पहिल्याच घोटाला कळलं. तिला गोड चहा मुळीच चालत नाही. ती पूर्ण कप प्याली आणि एक शब्द बोलली नाही. का बोलली नसेल, याचा मी मघापासून विचार करते आहे.